तेविसावी गाडी तुमच्या दारात

नाना, तुमच्या उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी मी तुमच्याच गल्लीत, तुमच्या सगळ्या सोयऱ्यांदेखत, एका पाहुण्याच्या हातातून गाडीची किल्ली हिसकावून घेतली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "मधू, गोष्ट शेपटाकडून सांगू नको." वीस वर्षं तुम्ही माझ्या गोष्टींची तोंडं आणि शेपटं सरळ करत आलात. आता ते करणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मला वाटेल तिथून मी सुरू करणार आहे. तुमचा राग येऊ द्या. तो आला तर मला बरंच वाटेल.

दारावर, म्हणजे समाचाराला, आलेले लोक मला विचारत होते, "तुमचं आणि सुपडूनानांचं नातं काय?" काय सांगू? जळगावच्या शोरूममध्ये मी टेम्पो विकतो आणि मागच्या शेडमध्ये तुम्ही त्यांच्या तारा जोडायचात. मी पुढच्या काचेच्या दारातून बोलबोलून गिऱ्हाईक आत आणायचो, तुम्ही मागच्या दारातून न बोलता त्याची गाडी धड करून बाहेर काढायचात. तुमची सहा दिवस जळगावात भाड्याची खोली, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने धुळ्याला घरी. लोकांना हे नातं वाटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्याला विचारलं.

तुमची नक्कल मी उत्तम करायचो, हे तुम्हाला ठाऊक होतं. गिऱ्हाईक बसलेलं असलं की मी टेबलाखाली डोकं घालायचो, नाकाने फूं फूं वास घ्यायचो आणि तुमच्या आवाजात म्हणायचो, "वायर तपेल शे." म्हणजे, तार तापलीय. लोक पोट धरून हसायचे. एकदा मी डोकं वर काढलं तर तुम्ही दारात उभे. हातात चहाचा पेला. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाक बराबर शे. डोळा मिटाना ऱ्हायना." वास घेताना तुम्ही डोळे मिटायचात, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी डोळेही मिटू लागलो आणि नक्कल अजून रंगली. तुमच्याकडून मी एवढंच शिकलो, नाना. बाकीचं तुम्ही शिकवत होतात तेव्हा मी बोलत होतो.

मग दिवाळीनंतर कंपनीचं ते पत्र आलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरीकडून येणारी तारांची जुडी इंजिनाच्या मागच्या पत्र्याला असलेल्या भोकातून डॅशबोर्डखाली जाते. तारेला पत्र्याची धार लागू नये म्हणून त्या भोकाला रबराचं कडं असतं. आमच्या त्या नव्या टेम्पोंपैकी काहींना कच्च्या रबराची कडी लागली होती. ऊन खाऊन ती वाळायची, चिरायची. मग गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तार धारेवर घासायची, वरचं आवरण जायचं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं की ठिणगी. वर डॅशबोर्ड, मागे सीटचा फोम. पत्रात नंबर दिलेले होते. तेवीस गाड्या आमच्या शोरूममधून गेलेल्या, म्हणजे तेवीसच्या तेवीस माझ्या तोंडून विकल्या गेलेल्या. गाड्या परत बोलवा, कडं बदला, जुडीत एक फ्यूज टाका, असं लिहिलं होतं. आणि शेवटची ओळ: ग्राहकांमध्ये विनाकारण घबराट पसरणार नाही याची दक्षता घ्यावी.

मी पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, "लिख. तुन्ही गाडीले आग लागू शकस. लवकर ली ये."

"नाना, ज्या तोंडाने पेढा भरवून गाडी दिली त्या तोंडाने आग म्हणू? उद्या शोरूममध्ये कावळा यायचा नाही."

"कावळा नही उना तरी चाली. माणूस जगाले पाहिजे."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तोवर नाटक सुरू झालं होतं, आणि नाटक सुरू झालं की मी कुणाचं ऐकतो? मी म्हटलं, आपण गाड्यांचा वाढदिवस करू. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं पाणी शिरलेल्या स्टार्टरकडे पाहायचात. मी मात्र तुमच्यापुढे सगळा खेळ मांडला. लग्नपत्रिकेसारखी पत्रिका, कोपऱ्यांना हळद. "आपल्या लाडक्या वाहनाच्या वाढदिवसास सहकुटुंब यावे." शेडला आंब्याची तोरणं, भरीत-पुरी, स्पीकरवर सनई. गाडी आधी धुवायची, मग शृंगारासाठी म्हणून पडद्याआड न्यायची. पडद्याआड तुम्ही. मालक पुरी खाईपर्यंत कडं बदललेलं असेल आणि त्याच्या मनाला ओरखडाही नसेल. शोरूमच्या शेठना कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतः आचारी सांगितला.

तुम्ही तयार होत नव्हतात. म्हणून मी तुमच्याकडून शब्द घेतला. तुमच्या बायकोची, सुमनअक्कांची, शपथ घालून घेतला. आग हा शब्द बाहेरच्या कुणाहीपुढे तोंडातून काढायचा नाही. मग "बरं" म्हणालात. तुमचं "बरं" कधी मोडत नाही हे मला माहीत होतं, नाना. म्हणून तर घेतलं.

वाढदिवस मात्र झकास झाला, हे तुम्हालाही कबूल करावं लागेल. चाळीसगावच्या एकाने आपल्या आईला आणलं होतं. म्हातारीने टेम्पोला ओवाळलं, बॉनेटवर तांदूळ टाकले आणि दिव्याच्या काचेला कुंकू लावलं. मी माइकवरून एकेका गाडीचं नाव पुकारत होतो, तिचे गुण गात होतो, लोक टाळ्या वाजवत होते. तुम्ही पडद्याखालून बाहेर आलात, तोंड काळं, केसांत गंज, तर एका बाईने तुम्हाला शृंगार करणारा समजून गुलाबाचं फूल दिलं. तुम्ही ते कानावर अडकवलंत आणि परत खाली शिरलात. त्या दिवशी आणि पुढच्या पंधरवड्यात मिळून बावीस गाड्या झाल्या. मी यादीवर खुणा करत होतो आणि स्वतःवरच खूश होत होतो.

सावद्याच्या प्रल्हादभाऊंच्या गाडीसमोर खूण झाली नाही.

मी दुसरी पत्रिका पाठवली, पहिलीपेक्षा देखणी, वर रंगीत मोर. उत्तर नाही. त्यांच्या शेजारी टेलिफोन आहे असं कळलं म्हणून फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "कोण? ते वाढदिवसवाले का?" मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा कुणी उचलला नाही.

त्यानंतर माझं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सकाळी पेपर आला की मी आधी आतलं पान उघडायचो. भुसावळच्या रस्त्याने जाताना कुणी शेतात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या दिसल्या तरी मी ब्रेक दाबायचो. धूर दिसला की स्कूटर थांबवून तो शेतातला आहे का रस्त्यावरचा, हे बघून मग पुढे जायचो. शोरूममध्ये गोष्ट सांगताना मध्येच शब्द विसरायला लागलो. लोक म्हणाले, मधूशेठचं वय झालं. प्रल्हादभाऊंची गाडी दिवसा केळी भरते आणि लगीनसराईत वऱ्हाड नेते, हे मला माहीत होतं. मीच त्यांना ती तशी विकली होती. मागे बाकं टाका, म्हटलं होतं, पंधरा माणसं आरामात बसतात.

तुम्ही काही न बोलता सावद्याला निघालात. एस.टी.ने, पिशवीत नवं कडं, फ्यूज आणि पक्कड घेऊन. तीनदा गेलात. तिन्ही वेळा प्रल्हादभाऊ भाडं घेऊन बाहेर. पहिल्यांदा घरी गेलात तर घरात बायाच होत्या, त्यांनी दार अर्धंच उघडलं. तुम्ही म्हणालात, "त्यास्ले सांगा, जळगावना सुपडू मिस्तरी येई गया. गाडी ली या." यापुढे एक वाक्य बोलला असतात तर काम झालं असतं. तुम्ही बोलला नाहीत. परत आल्यावर मी विचारलं, गाडी कशासाठी आणायची ते सांगितलं का? तुम्ही म्हणालात, "तू शपथ घातेल शे ना."

तिसऱ्या खेपेनंतर तुम्ही शेडमध्ये उलट्या डब्यावर बसला होतात. वैशाखाचं ऊन, पत्रा कडकड वाजत होता. तुम्ही विचारलंत, "मधू, ती शपथ मोडू का आते?"

मी म्हटलं, "रविवार जाऊ द्या. मग बघू."

शनिवारी तुम्ही धुळ्याच्या घरी पोचलात, खाटेवर बसलात, अक्कांकडे पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत गेलात. रविवार तुम्ही पाहिलाच नाही. नाना, हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इतक्या गोष्टी सांगतो, ही सांगत नाही.

आता ती किल्ली.

गंधमुक्तीला तुमच्या गल्लीत मांडव होता. नातेवाईक, शोरूमची मंडळी, धुळ्याचे मिस्तरी, सगळे होते. मी वाढायला उभा होतो, कारण बसवत नव्हतं. दुपारी एक टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला, मागे बाकं टाकलेला. नंबर वाचायच्या आधीच मी गाडी ओळखली. माझ्या हातातली पळी वरणात पडली.

बारा माणसं उतरली. पुढे उंच, खांद्यावर टॉवेल टाकलेले प्रल्हादभाऊ. त्यांनी मांडवात येऊन विचारलं, "सुपडू मिस्तरीचं घर हेच का भो?" अक्कांपुढे ते खाली बसले. म्हणाले, "अक्का, मी प्रल्हाद, सावद्याचा. मी त्यायले कधी पाह्यलं नाही. ते मले शोधत तीनदा आले, मी भेटलो नाही. आता गेले म्हणून कळलं. कायच्यासाठी शोधत होते काय माहीत. म्हटलं, दारावर तरी गेलं पाहिजे."

बरोबरची माणसं सावद्याची, केळी भरणारे ड्रायव्हर आणि त्यांच्या घरचे. प्रल्हादभाऊंची वाट पाहता पाहता तुम्ही तिथल्या कुणाचा हॉर्न, कुणाचा डायनॅमो उभ्या उभ्या नीट करून दिला होतात. हे मला त्या दिवशीच कळलं. एकाने सांगितलं, "चहासुद्धा घेतला नाही. केळं घेतलं एक." अक्का पहिल्यांदा तेव्हा रडल्या.

मी प्रल्हादभाऊंजवळ गेलो. विचारलं, "तुम्ही वाढदिवसाला का नाही आलात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ते वाढदिवसवाले तुम्हीच का? आमचे वडील गेले ना कार्तिकात. वर्ष व्हायचं आहे. वर्षाच्या आत आम्ही सणाला, वाढदिवसाला जात नाही. दारावर जातो."

म्हणजे तेवीस घरांत एकच घर असं होतं की ज्याला हळद लावलेली पत्रिका चालणार नव्हती, आणि मी त्याच घरी दोनदा पाठवली. पोस्टकार्डावर दोन ओळी साध्या खरडल्या असत्या तरी ते दुसऱ्या दिवशी आले असते. खान्देशात जन्मलो, वाढलो, घरात मयत झालं की वर्षभर पुरण शिजत नाही हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. डोक्यात सनई वाजत होती.

जेवणं झाली. तीन तास गाडी उन्हात उभी होती. बारा माणसं बाकांवर चढली. पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, मग सावदा. प्रल्हादभाऊंनी किल्ली काढली आणि मी ती त्यांच्या हातातून हिसकावली.

"हे काय?"

नाना, त्या क्षणी माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. एक तर फारच सुंदर होती. शोरूमतर्फे नानांच्या स्मरणार्थ मोफत तपासणी. ती माझ्या ओठांवर आली होती, आणि लोकांनी ती मानलीही असती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "प्रल्हादभाऊ, या गाडीला आग लागू शकते. सगळ्यांना उतरवा."

बाकावर प्रल्हादभाऊंची आत्या बसली होती, कपाळभर पदर. तिने विचारलं, "तुले केव्हापासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"आन तू आमाले वाढदिवसाचं आवतन धाडलं?"

"दोनदा," प्रल्हादभाऊ म्हणाले. "दुसऱ्यावर मोर होता."

कुणीतरी हसलं. मी नाही. आत्या खाली उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मला वाटलं आता ही मारणार. तिने मारलं नाही. ती म्हणाली, "आमची माणसं म्हणजे काय केळीचे घड वाटले का तुले?" आणि जाऊन अक्कांशेजारी बसली.

तुमच्या मित्राने, मिल्लतभाईंनी, आधी बॅटरीची तार सोडवली. मग तुमच्याच पिशवीतली पक्कड घेऊन ते डॅशबोर्डखाली शिरले. मी टॉर्च धरून उजेड दाखवत होतो. कडं त्यांच्या हातात दोन तुकडे होऊन आलं. तारेचं आवरण नखाएवढं गेलेलं, आत तांबं लखलखीत. पत्र्याच्या धारेवर काळा डाग. म्हणजे ठिणगी एकदा पडून गेली होती.

प्रल्हादभाऊंनी तो डाग बोटाने पुसून पाहिला. म्हणाले, "एरंडोलच्या पुढे वास आला होता. मले वाटलं बाहेर कुणी काही पेटवलं." मग जरा वेळाने, "परवा याच गाडीत बहिणीले सासरी सोडलं. तिच्या तीन पोरी मागे झोपल्या होत्या."

नवं कडंही तुमच्या पिशवीतच होतं. तीनदा सावद्याला जाऊन आलेलं. मिल्लतभाईंनी ते बसवलं, फ्यूज टाकला. बावीस गाड्यांचं हे काम मी पडद्याआड होऊ दिलं होतं, पहिल्यांदाच ते मालकाच्या डोळ्यांसमोर झालं. मला वाटलं, संपलं. यादीवर तेविसावी खूण करू आणि तुम्हाला सांगू.

प्रल्हादभाऊंनी फ्यूजकडे बोट केलं. "हा काहाले?"

मी सांगितलं, कधी तार टेकलीच तर हा आधी जळतो, गाडी वाचते.

"आन जळल्यावर?"

"नवा टाकायचा. का जळला ते मिस्तरीला दाखवायचं."

"रस्त्यात नवा कुठून आणू? आम्ही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी गुंडाळतो अन् चालतो. सगळेच तसंच करतात." मग त्यांनी मला सरळ विचारलं, "बाकीच्यायले सांगितलं का, हा कशासाठी बसवला?"

नाना, बाकीच्यांना मी सांगितलं होतं की त्यांची गाडी सुंदर आहे. तिला कुणाची दृष्ट न लागो.

तुम्ही भांडत होतात ते याच्यासाठी. मला वाटायचं, तुम्हाला माझं नाटक आवडत नाही. मला वाटायचं, रबर बदललं की प्रश्न मिटला, मग माणसाला कशाला घाबरवायचं. पन्नी जळत नाही, मग तारच पेटते; घाबरलेला माणूस ती गुंडाळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हे मला सांगितलंही असेल. मी तेव्हा बहुतेक माइकवर होतो.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेलो. त्यांनी कंपनीच्या पत्रातली शेवटची ओळ मला वाचून दाखवली. मी म्हटलं, मग माझ्या नावाने लिहितो. ते म्हणाले, "तुझ्या नावाने लिही, शोरूमचा कागद घेऊ नको, आणि उद्या काही बोललं गेलं तर मला विचारू नको." हेही त्यांनी प्रेमाने सांगितलं. ते वाईट नाहीत. घाबरले आहेत.

मी पोस्टकार्डं आणली. तुमच्या जागेवर, उलट्या डब्यावर बसून लिहायला घेतली. माझं कसं आहे, तुम्हाला माहीत आहे. पहिल्या कार्डावर "सप्रेम नमस्कार, आपली गाडी आणि आपण सुखरूप असाल" इथपर्यंत गेलो आणि फाडलं. दुसऱ्यावर एक गोष्ट सुरू झाली. तेही फाडलं. तिसऱ्यावर लिहिलं: "तुमच्या गाडीला आग लागू शकत होती. वाढदिवसाच्या दिवशी आम्ही ते न सांगता दुरुस्त केलं. बसवलेला फ्यूज जळाला तर त्यावर पन्नी लावू नका, गाडी उभी करा आणि मिस्तरीला बोलवा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मधुकर." असं बावीस वेळा लिहिलं. एका अक्षरालाही शोभा नाही.

काल पाचोऱ्याचे एक मालक कार्ड हातात घेऊन शोरूममध्ये आले. लोकांसमोर मला बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, गाडी आणली आहे का? बाहेर उभी होती. मी खाली शिरलो, डोळे मिटले आणि वास घेतला. काही कळलं नाही, माझं नाक तुमचं नाही. म्हणून डोळे उघडून बोटाने चाचपलं.

फ्यूजवर पन्नी होती, नाना.

मी ती काढली, नवा फ्यूज टाकला आणि मिस्तरीला बोलावलं. अजून एकवीस जणांचं उत्तर यायचं आहे. टपाल दुपारी येतं. तोवर मी रस्त्याकडे बघत बसतो.